वरून येणारं चित्र

सोमवार
नवी नोकरी, नवं गाव आणि प्रक्षेपण केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर! ही तर स्वयंपाकघराच्या खिडकीवरच खूश आहे. काम सोपं: भल्यामोठ्या डिशमधून चित्र उपग्रहाकडे पाठवायचं, परत आलं की ताडून बघायचं. डावा पडदा जाणाऱ्या चित्राचा, उजवा येणाऱ्याचा. उजवा पाव सेकंद मागे असतो. बिचारा केवढा प्रवास करून येतो! नवी वाहिनी इतकी स्पष्ट, की निवेदकाच्या नाकावरचे घामाचे थेंब मोजावेत. शुक्रवारी सुरू होणार. तोवर चाचणीला बारीक तपशिलाचा कुठलाही व्हिडिओ लावा, म्हणाले साहेब.

मंगळवार
आमच्या चिमणीचा लावला. झोक्यावरचा, ताप येण्याच्या आदल्या आठवड्यातला. तिला जाऊन दोन वर्षं झाली. केसन् केस दिसत होता. लेक गोड आहे हो, म्हणाले साहेब. मीही आहे म्हटलं. होती म्हणायला जीभ रेटेना.

मग उजवीकडे तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डावीकडे नाही. यंत्राचा काहीतरी घोळ असणार.

बुधवार
डावीकडे नुसताच झोका हलतोय. मूळ व्हिडिओतही. उजवीकडे मात्र चिमणी हसतेय, गाल कसे टवटवीत! घाबरून पाठवणं थांबवलं, तर उजवा पडदा काळा. जीव कासावीस झाला. पुन्हा सुरू केलं. आली!

घरी भिंतीवरच्या तिघांच्या फोटोत आता आम्ही दोघंच. पडद्यावरचं सगळं सांगितलं, तशी हिने आकांत मांडला. हात जोडून म्हणाली, अहो, आता पाठवू नका, उरलीसुरली तरी राहू द्या. मी हो म्हटलं.

गुरुवार
पाठवलं. काय करू, हात हलवत होती —

संध्याकाळी ही कपाटाशी उभी, हातात पिवळा फ्रॉक. आधीच्या भाडेकरूंचा राहिला असेल का, विचारते. डोळे कोरडे. मी चिमणीचं सांगत बसलो, तर परक्याचं ऐकावं तशी ऐकत होती. आणि मलाही — चिमणी म्हणायचो, पण शाळेतलं नाव — काय होतं —

शुक्रवार
साहेबांची घाई. चाचणी बंद करून वाहिनी लावायची. आज डोकं कसं हलकं वाटतंय.

उजवीकडे एक मुलगी झोक्यावरून उतरून अगदी काचेशी आलीये. ओठ बाबा, बाबा म्हणताहेत. गोड पोर. कुणाची, कोण जाणे. रडतेय बिचारी —

बंद करायच्या बटणावर बोट ठेवलंय. पण माझ्या डोळ्यांना हे पाणी कशाचं, आणि बोट खाली का रेटेना —