तपकिरी बांगड्या

सुरत, १९६६

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. आज लिहिते आहे, कारण कालपासून आपल्या नंदाला ताप आहे आणि पहाटे तापातच तिनं मला विचारलं, "आई, वाळलं का?"

हा प्रश्न तुमचा. गेल्या आषाढात आजारपणात पडल्या पडल्या तुम्ही मला रोज हेच विचारायचात. ती तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती, तिच्या लक्षात कसं राहिलं? की तिला कुणी आत्ता शिकवलं? तुम्हीच का?

तुम्हाला तरी दुसरं काही सुचू नये! एरवी बँकेला सुट्टी असली की तापीवरच्या होड्यांची चित्रं काढायचात. आजारी पडण्याआधीच्या त्या रविवारी मात्र माझा कुंकवाचा करंडा, डब्यातल्या हिरव्या बांगड्या आणि खण खिडकीपाशी मांडलात आणि त्या सगळ्याचं चित्र एकाच तपकिरी रंगात रंगवलंत. काळोख ब्रशनं घालायचा, उजेड चिंधीनं पुसून काढायचा. मी कौतुकानं बघत बसले होते. तेवढ्यात तुमच्या आई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"सवाष्णीच्या वस्तू अशा बिनरंगाच्या काढतात का रे? आधी रंग भर त्यात."

तुम्ही हसून त्यांना समजावलंत, की हा नुसता खालचा थर आहे, उजेड-सावली नीट बसली की वर रंग येणारच आहेत. पण हा वाळायच्या आत घाई केली तर सगळा चिखल होईल. रंगात जवसाचं तेल आणि वर पावसाळी हवा, वाळणार कधी? त्याआधी तुम्हीच अंथरूण धरलंत.

तुमचा डोळा लागला असताना आईंनी देवघरातलं कुंकू बोटावर घेतलं आणि चित्रातल्या ओल्या करंड्यावर दाबलं. ते तिथंच चिकटलं. पुढं माझं कपाळ पुसलं गेलं, हातातल्या बांगड्या फुटल्या, पण ते कुंकू अजून लाल आहे.

आता त्या म्हणतात, या चित्रानं मुलगा नेला, नातही नेईल, ते तापीत सोडून ये. मी असलं काही मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी कालपासून मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. अहो, एक थर वाळेपर्यंतही थांबता आलं नाही का तुम्हाला?

डॉक्टरांनी औषध दिलंय, पण ताप अजून उतरलेला नाही. आईंकडून मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तुमची हिरव्या रंगाची नळी पिळून पाहिली, आत अजून ओल आहे.

वचन देते, नंदाच्या उशाशी बसून त्या बांगड्या मी हिरव्या करीन, मला जमतील तशा. कुंकवाला हात लावणार नाही, ते तुमच्या आईंनी तुमच्यासाठी लावलंय. चित्र आपल्याच भिंतीवर राहील. नंदानं पुन्हा विचारलं, तर वाळलं म्हणून मीच तिला सांगेन.

तुम्ही मात्र तिला काही विचारू नका.

तुमचीच,
सुमन