दगड हलवून मगच मासा सोडावा

मी, मालन धोंडू मेस्त, वय त्रेसष्ट, धंदा घरकाम, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटातले दुखणे बरे होणार नाही असे डॉक्टरांनी तोंडाने सांगितलेले नाही, पण पथ्य सोडून हवे ते खा म्हणाले तेव्हा मी समजले.

१. मुलुंडची दोन खोल्यांची जागा माझे पती कै. धोंडू यांच्या मागे माझ्या नावावर आहे. ती मी माझ्या नणंद कुमारी सुगंधा मेस्त यांना पूर्ण मालकीने देत आहे. वन्संनी लग्न केले नाही, जन्म भावाच्या घरात काढला. आता हे घर त्यांचे.

२. पण वन्संनी एकटे राहू नये. डोळ्यांच्या ऑपरेशननंतरही त्यांना धड दिसत नाही. रॉकेल आणि गोडेतेल वासावरून ओळखतात. म्हणून माझा पुतण्या नंदकुमार आणि त्याची बायको क्षमा यांनी गोवंडीची भाड्याची खोली सोडून त्यांच्यापाशी राहायला यावे. दोघे हो म्हणाले आहेत. वन्सं काहीच म्हणालेल्या नाहीत, आणि मला घोर लागला आहे तो त्याचाच. त्या महिन्याभरात क्षमाला पळवून लावतील आणि मग एकट्या पडतील. एका स्वयंपाकघरात आमचा जन्म गेला, मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे.

३. समुद्राच्या पाण्याची काचपेटी क्षमाला द्यावी. आमचे हे सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करीत. मढच्या एका बंगल्यात शूटिंग संपल्यावर ती पेटी टाकून देणार होते, ती हे टेंपोत घालून घरी घेऊन आले. पाणी आणि मासे मनोरीचा बाळा कोळी आणून द्यायचा. मालवणी माणसाने घरात मासे शोभेला ठेवले म्हणून आल्यागेल्याने किती चेष्टा केली ते लिहीत बसत नाही. निळा मासा सर्वांत आधी आला आणि सगळी पेटी आपल्या बापाची समजू लागला. मागून नारिंगी पट्ट्यांचा आणला, तर त्याची शेपटी कुरतडून ठेवली. कोळंबीचे तुकडे पेटीच्या दोन्ही टोकांना एकदम टाकून पाहिले. काचेला बाहेरून आरसा लावून पाहिला. घटकाभर तो आरशाशी भांडायचा, की पुन्हा त्या गरिबाच्या मागे. शेवटी बाळा म्हणाला, "निल्याला चार दिवस बालदीत काढ. दगडं सगली हलव. नवीन मासा आधी सोड, मग ह्याला. घरच वलखू आला नाय तर भांडेल कशाला?" तसे केले. निळा परत आला तो आपली कपार शोधत फिरला. थोडी कुरबूर झाली, पण शेपट्या शाबूत राहिल्या.

४. ह्यांनी ते पाहिले आणि मनात ठेवले. लग्न होऊन आले तेव्हापासून वन्सं मला स्वयंपाकघरात बजावत, "माझ्या डब्यांक हात लावूचो नाय." मीही काही गरीब गाय नव्हते, मिठाचा डबा मुद्दाम हलवून ठेवायची. पेटी आली त्या वर्षी वन्सं जत्रेला गावी गेल्या. मागे ह्यांनी फळ्या उपटल्या, शेगडीचा कट्टा दुसऱ्या भिंतीला केला, देव्हारा बाहेर, कपाट आत, आणि डबे सगळे मिसळून टाकले. वन्सं आल्या त्या पिशवी हातात घेऊन नुसत्या उभ्या. मग म्हणाल्या, "मालन, साखर खय गो?" मी म्हटले, "माका तरी खय ठावक, शोधूया." भांडणे त्यानंतरही झाली, पण डब्यांवरून नाही.

५. म्हणून माझी सूचना अशी. माझ्या तेराव्यानंतर वन्संनी काही दिवस गावी जाऊन राहावे. वन्सं, ही तुमची पाठवणी नव्हे. मनात किंतु आला तर कलम एक शेजारच्या वसुधाताईंकडून पुन्हा वाचून घ्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर तिसऱ्यांदा वाचून घ्या. नंदूने ह्यांची करवत, रंधा आणि पटाशा घ्याव्यात, ती हत्यारे आता त्याची. त्याने घर असे हलवावे की मी परत आले तर मलाही चमचा सापडू नये. वन्संना दिसत नाही हे मी विसरलेले नाही; रॉकेल तेवढे स्वयंपाकघराबाहेर ठेवावे, बाकीचे त्यांनी आणि क्षमाने मिळून चाचपून शोधावे. क्षमाने माझ्या जागेवर यायचे नाही. माझी जागाच राहता कामा नये.

६. माझ्या पाटल्या क्षमाला. तळमजल्यावरच्या नीला प्रधान यांनी नेलेली पितळी किसणी त्यांनाच दिली असे समजावे; मात्र ती माझी होती हे त्यांनी एकदा चारचौघांत म्हणावे.

७. वन्सं गावाहून येतील त्या दिवशी क्षमाने उंबऱ्यावर तांदळाचे माप भरून ठेवावे. घरात आलेल्या प्रत्येक सुनेसाठी ते माप वन्संनीच भरले, माझ्यासाठीही. स्वतः त्यांनी ते कधी ओलांडले नाही. ह्याचे मला फार वाईट वाटते, आणि ते त्यांना तोंडावर सांगणे मला जमलेले नाही. त्या क्षमाला काहीबाही बोलतील, हा काय पोरखेळ म्हणतील. तिने ऐकून घ्यावे. माप त्यांना दिसणार नाही, म्हणून हात धरावा आणि सांगावे, "आत्या, उजवा पाय आधी. या, तुमच्या घरात या."

लिहून ठेवणार : मालन धोंडू मेस्त (सही)

आम्हां दोघांच्या समक्ष सही केली :
१. सौ. वसुधा श्यामसुंदर कर्णिक, शेजारी (सही)
२. श्री. चंद्रप्रकाश वैद्य, सोसायटीचे सेक्रेटरी (सही)

मुलुंड पूर्व, मुंबई
९ नोव्हेंबर १९८७