अनंताच्या तेवीस कळ्या

२१ एप्रिल

आज दोन पानं पिवळी. काल एकच होतं!

लतिकाला जाऊन बारा दिवस झाले. खाप्याला, भावाकडे – रुपरावकडे. त्याचा टेम्पो दारात उभा, एक सुटकेस, एक पिशवी. मला वाटलं चार दिवसांत येईल. जाताना बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, कुंडीकडे बघितलं. "अनंताले जपा." एवढंच.

त्या दोन शब्दांना धरून आहे. ज्या बाईला परत यायचं नाही, ती अकरा वर्षं वाढवलेलं झाड मागे ठेवेल का? नाही ठेवणार. झाड आहे म्हणजे ती येणार. म्हणून झाडाला काही होता कामा नये.

२२ एप्रिल

कळ्या तेवीस. दोनदा मोजल्या. तेवीसच.

२५ एप्रिल

आणखी पाच पानं. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. हे कसलं लक्षण?

पारा चव्वेचाळीसवर. तहान लागत असेल बिचाऱ्याला. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी मी रोज सकाळी काढतोच – ते बादलीभर अनंताच्या मुळाशी. थंडगार, वायाही जात नाही. लतिका कधी हे करायची नाही. वेगळा तांब्या घेऊन नळाचं पाणी घालत बसायची. इतकी साधी गोष्ट बाईला सुचू नये!

२८ एप्रिल

पुण्याहून हर्षाचा फोन. "बाबा, आई विचारून राहिली होती." मी म्हटलं, "माझं?" पोरगी म्हणाली, "झाडाचं."

मग म्हणाली, माझ्या साखरपुड्यात तुम्ही असं बोलायला नको होतं. काय बोललो मी? व्याही लतिकाला विचारत होते, लग्न नोव्हेंबरात धरायचं की डिसेंबरात. मी म्हणालो, "तिले काय विचारता, तिले काय समजते!" सगळे हसले. ती हातातलं ताट ठेवून आत गेली. एकतीस वर्षं हेच म्हणत आलोय, कधी काही झालं नाही. झालं नाही की मला दिसलं नाही? आज दिवसभर हेच डोक्यात.

३ मे

ऊनच लागत असणार. कुंडी ओढत ओढत मागच्या दाराशी नेली, भिंतीच्या सावलीला. कंबर धरली. पण आता तरी बरं वाटेल त्याला.

४ मे

नऊ कळ्या खाली! हिरव्या, घट्ट, न उमललेल्या. गोळा करून वाटीत ठेवल्या. का ठेवल्या, माहीत नाही. फेकवत नव्हत्या.

चौदा उरल्या.

५ मे

सकाळी सहापासून चार वेळा मोजल्या. चौदा.

७ मे

राहवलं नाही. एक फांदी पिशवीत घालून नर्सरीवाल्या बळीरामकडे गेलो. त्याने पान उलटं करून बघितलं.

"काकाजी, कूलरचं पाणी पाजून राहिले काय तुम्ही?"

म्हटलं, तुला कसं कळलं?

"नागपुरात मे महिन्यात अर्धे अनंत त्यानंच मरतात. बोरचं पाणी कूलरमंदी आटते, खार सारा खाली राह्यते. तोच तुम्ही मुळाले देता. याले आंबूस माती लागते, तुम्ही त्याले चुना चारून राहिले! अन् कळ्या असताना जागा कोण बदलते? हलवलं का कळ्या गाळते ते."

चिमूटभर हिराकस दिला – लोखंडाच्या क्षाराचे हिरवट खडे, पाण्यात विरघळवून द्यायचे, पंधरा दिवसांतून एकदा. बाकी नळाचं पाणी, तांब्याने.

तांब्याने! अकरा वर्षं ती हेच करत होती. कधी विचारलं नाही का म्हणून. आणि लोकांत सांगत सुटलो, तिला काय समजतं!

१२ मे

लतिकाचा फोन. पहिला.

"कळ्या किती हायेत?"

"तेवीस," म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

खोटं का बोललो? ती आली आणि मोजल्या तर?

१३ मे

आणखी दोन गळाल्या. बारा. झोप नाही.

१९ मे

पिवळं पान गळायचं थांबलंय की आता गळायला उरलंच नाही? कुंडीपुढे स्टूल घेऊन बसतो. शेजारच्या प्रेमिलाबाई कंपाउंडवरून म्हणाल्या, "भाऊजी, पाहून पाहून नजर लागंल वं माय त्याले!" हसलो. घरात येऊन खरंच दोन तास बाहेर गेलो नाही.

२५ मे

सांगून टाकलं. मीच फोन लावला. कूलरचं पाणी, कुंडी ओढली ते, अकरा कळ्या, तेवीस सांगितलं ते खोटं – सगळं. शेवटी म्हणालो, "लतिका, मले काही समजत नाही. तुले समजत होतं." साखरपुड्याचंही बोललो. चुकलं म्हणालो. तोंडातून निघता निघत नव्हतं, पण निघालं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "आता पाणी सकाळीच घालजा. दुपारी नोको."

रागावली नाही! आवाज मऊ होता. मऊच होता ना? की लाइन खराब होती?

३० मे

शेंड्याला नवं पान. हिरवं, तकतकीत! चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

४ जून

पहिलं फूल. दार उघडलं तर वास आधी आला. इतकी वर्षं हा वास घरातच होता, आणि मी पेपर वाचत बसायचो.

फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा. म्हणजे तिने बघितला.

६ जून

सात उमलली. तिच्या खोलीतली चादर बदलली. जाळी झाडली. खाप्याहून यायला फार तर तास-दीड तास.

८ जून

लतिकाचा फोन. "साऱ्या उमलल्या?" म्हटलं, "बाराच्या बारा."

"मंग बरं झालं. कळ्या होत्या म्हणूनच ठेवून आली होती, तवा हलवलं असतं त साऱ्या गळल्या असत्या. बुधवारी रुपराव इतवारीच्या बाजारात येऊन राहिला. टेम्पोत कुंडी देऊन द्या."

"अन् तू?"

तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "कुंडी उभी बांध म्हणा त्याले."