दादा अजून विमानात आहे

नेरूळ, मंगळवार, १८ फेब्रुवारी १९८६

आई सकाळी गेली. दादा अजून विमानात आहे, त्याला माहीत नाही.

उजाडताना शेजारच्या काकूंकडे त्याचा फोन आला होता. "सुमे, आईला सांग, मी शिकागोहून निघतोय." मी तिच्या कानाशी सांगितलं. तिने विचारलं, "किती लांब गं?" आठ हजार मैल, मध्ये लंडनला थांबून जवळजवळ एक दिवस लागेल, म्हटलं. "फारच लांब," म्हणाली आणि डोळे मिटले. त्यानंतर बोलली नाही.

मामा म्हणाले, "त्याच्यासाठी थांबता येणार नाही. विमानाचा काय भरवसा?" मग अग्नी कोण देणार? मी देते म्हटलं. मामा "बरं" म्हणाले. दुपारी खाडीकाठच्या स्मशानात तेही झालं. तेव्हा दादा कुठे असेल? समुद्रावर? खिडकीतून खाली बघत?

संध्याकाळी सगळे गेले. मामी राहते म्हणाली, तिलाही मीच जा म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. या नव्या सोसायटीत अर्धे फ्लॅट रिकामेच. कुणाशी बोलू? ज्याच्याशी बोलायचं तो विमानात आहे.

पहाटे विमानतळावर मीच जाणार. तो आधी आईचंच विचारील. काय सांगायचं ते अजून सुचत नाही. पण खरं लिहायचं तर मला दादाचा हेवा वाटतोय. त्याची आई पहाटेपर्यंत आहे.