बासचा नॉब

घाटकोपर, शनिवार, २२ नोव्हेंबर १९८६

नॉब पुन्हा फिरलाय. आठवड्यात तिसऱ्यांदा! दिन्या मेकॅनिकने फियाटच्या डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर बसवला, तेव्हा काचा खडखडणार नाहीत इतकाच बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, ठेवून मी नॉबवर हिच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. आज ठिपका पार उलट्या बाजूला, बास पूर्ण वाढवलेला.

संशय दिन्यावरच. वूफर जळला की नवा तोच विकणार ना? चालतच गॅरेजवर गेलो, तोंडावर विचारलं. भडकला. “मी कशाला हात लावू रे? चावी तुझ्या घरात असते!”

खरंच की. दारामागच्या खिळ्यावर. मग कोण? ही? हिचं तर आवाजाने डोकं दुखतं. बाबांचा प्रश्नच नाही. तीस वर्षं गिरणीत साच्यांवर, त्या धडधडत्या मागांवर काढली, ठार बहिरे झालेत.

परत आलो तर खिळ्यावर चावी नाही. खाली गाडीत टेप चालू, काचा खडखडतायत. मागच्या सीटवर बाबा, डोळे मिटून, तळहात सीटवर दाबून. मी दार उघडलं तसे हसले.

“आज सगळे साचे चालू आसत रे.”

ठिपका होता तिथेच राहू दिला. उद्या दिन्याकडे जायला हवं. काचांना रबर बसवून देशील का, म्हणून. कुठल्या तोंडाने विचारू?