द्वेष म्हणजे नेमकं काय, आई?

प्रिय आई,

परवा सकाळी तुझी नात जबलपूरला निघते आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर व्हायला. कायमची. माझं घरात कोणाशी धड बोलणं होत नाही, भाजी दोनदा करपली, म्हणून शेवटी तुझ्याशीच बोलायला बसले. तू गेलीस त्याला दोन वर्षं होतील, पण हे दुसऱ्या कोणाला विचारू? तूही एकदा अशीच निघाली होतीस ना!

स्नेहलनं सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. शाळेतली नोकरी सोडून झाली, फादरना भेटून झालं, कॉन्व्हेंटमधून होकार आला, आणि मग आईची आठवण झाली! मी एकदम बोलून गेले, "म्हणजे तू आमचा द्वेष करते."

बोलले आणि माझी मीच दचकले. हे वाक्य माझं नव्हतं गं. आजोबांचं होतं.

तूच सांगितलं होतंस. इतवारीतलं त्यांचं साड्यांचं दुकान, तू नर्सिंग शिकणारी पोरगी, आणि एका दुपारी गादीसमोर उभी राहून तू म्हणालीस की मी बाप्तिस्मा घेणार. आजोबा ओरडले नाहीत. येशूचं ते कठोर वचन त्यांना कोणीतरी आधीच ऐकवलं होतं, की त्याच्यामागे जाणाऱ्यानं आईबापाचाही द्वेष केला पाहिजे. ते एवढंच म्हणाले, "तुह्या देवानं सांगतलं ना तुले, बापाचा द्वेष कर म्हणून? मंग कर. पण माह्या घरात राहून नको करू."

काय केलंस तू? कपड्यांची पिशवी भरलीस आणि हॉस्टेल गाठलंस.

मी शाळेत असताना तेच वचन चर्चमध्ये वाचलं गेलं. मी घाबरले. माझी आई आजोबांचा द्वेष करते? मी तुझा करायचा? तू पोळ्या लाटता लाटता समजावलंस. येशूच्या लोकांच्या बोलीत द्वेष करणं म्हणजे कमी प्रेम करणं, दुसरी जागा देणं, असाही अर्थ व्हायचा. कोणाचं वाईट चिंतणं नाही. भावाचा द्वेष करणारा अंधारात चालतो, तो खुन्यासारखाच, असं तेच शास्त्र सांगतं. मग तोच देव आईबापाचं वाईट चिंतायला कसं सांगेल? मला पटलं. मी खेळायला पळाले.

आता पटत नाही. "दुसरी जागा" किती सहज म्हणालीस! निघून जाणाऱ्यासाठी हा अर्थ फार सोयीचा आहे, आई. मागे राहणाऱ्याचं काय? ज्याला दुसऱ्या जागेवर बसवलं, त्याला जाऊन कोणी समजावलं का कधी?

मग आजोबांना अर्धांगवायू झाला आणि मामा तुला बोलवायला आले. ड्युटी संपली की तू तशीच इतवारीत जायचीस. ते तुझ्या हातचं जेवत नव्हते, मामीच्याच हातचं जेवायचे. पण अंग पुसायला, कूस बदलायला तूच लागायचीस. एकदा अडखळत म्हणाले, "अजून द्वेष करून राहिली का वं?"

"नाही बाबा. कधीच नाही केला."

"मंग गेली काहून?"

यावर तू गप्प! मी किती खोदून विचारलं तुला. तू म्हणायचीस, "खरं सांगितलं असतं तर ते दुखावले असते, आणि खोटं माझ्यानं बोलवलं नसतं." अगं, मग ते खरं निदान मला तरी सांगून जायचंस!

काल स्नेहलसोबत सीताबर्डीला गेले. पांढऱ्या सुती साड्या घ्यायच्या होत्या. दुकानदार म्हणाला, "ताई, लग्नाची खरेदी असंल तर रंगीत माल दाखवतो ना!" पोरगी खळखळून हसली. मला तिथे उभं राहवेना. मी तडक बाहेर पडले. ती साड्या तशाच टाकून माझ्यामागे आली आणि व्हरायटी चौकातल्या गर्दीत तिनं मला गाठलं.

"आई, मी नाही करत तुमचा द्वेष. तू करते का माझा?"

"तुझा नाही," मी म्हणाले. "ज्यानं तुले बोलावलं ना, त्याचा करून राहिली मी."

आयुष्यभर प्रार्थना चुकवली नाही मी, आणि भर चौकात हे बोलले! वाटलं, पोरगी हादरेल. तिनं माझा हात धरला. "मग त्यालेच सांग ना. भांड त्याच्याशी. पण बोलणं बंद नको करू. त्याच्याशी पण नको, माझ्याशी पण नको."

घरी येऊन मी खरंच भांडले. क्रूसासमोर उभी राहून, मोठ्यानं. तुझा जावई बिचारा टीव्हीचा आवाज वाढवून बसला. एकच तर दिली होतीस, तीही मागून घेतोस? तुला माणसं कमी आहेत का? बोलता बोलता धाप लागली, तेव्हा मनात आलं, ज्याचा द्वेष करतो त्याच्याशी माणूस इतकं बोलतो का? आजोबा तरी अंथरुणावर पडून तुला विचारत होतेच ना? आणि तू रोज जात होतीस. मग तुम्हा दोघांत द्वेष कुठे होता? दुखत होतं फक्त, आणि तो शब्द हाताशी सापडला.

यानं मन शांत झालं असं समजू नकोस. अजून रागच आहे. तिच्यावर, त्याच्यावर, थोडा तुझ्यावरही. देवासाठी घर सोडता येतं, हे ती तुझ्याच गोष्टी ऐकून शिकली ना?

पण एक वचन देते तुला. परवा स्टेशनवर मी जाईन. हसत निरोप देईन असं म्हणत नाही. ती गाडीत चढताना "जाते" म्हणाली तर तिला थांबवीन, "येते म्हण" सांगीन. आणि ती "येते" म्हणाली की मी "ये" म्हणेन, डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझी,
मंगला