पुढं कोण बसणार

नवापूर,
पौष वद्य पंचमी, सन १९३८

प्रिय लोटन,

तुझं पत्र पोचलं. एवढं लांबलचक पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस, म्हणून वखारीतल्या सागाच्या ओंडक्यावर निवांत बसून वाचायला घेतलं, तर निम्म्यात उदेसिंगच. उदेसिंगनं होडी कशी धरून ठेवली, उदेसिंगचे खांदे कसे सोलून निघाले, उदेसिंग नसता तर कळसाडीचं वऱ्हाड तापीत कसं गेलं असतं. होडीच्या मोटारीची हकीकत त्यामानानं दोन ओळींत. कातळाला आपटली, मागची फळी घेऊन डोहात गेली, वर काढली तर पोटाला चीर पडलेली, आता दुरुस्त होणार नाही. आणि अगदी तळाशी, 'तू सुरतेला जात-येत असतोस, तर शिवरात्रीच्या यात्रेआधी दुसरी बघून दे.' म्हणजे माझी आठवण मोटर बुडाल्यावर झाली. बरं झालं, कशानं का होईना झाली.

एक विचारतो, रागावू नकोस. होडीत पुढं बसणाऱ्याचं काम काय असतं रे? पाण्यात उडी मारून खांदा लावणं हे नंतरचं झालं. आधीचं काम डोळे उघडे ठेवून कातळ बघणं. संगमाच्या वरच्या अंगाला बसलेल्या म्हशीसारखा तो कातळ आहे, पाणी उतरलं की त्याच्या पाठीवर बगळा असतो. बगळा दिसला की मी नुसता डावा हात वर करायचो आणि तू मागं सुकाणू फिरवायचास. बोलावंही लागायचं नाही. उदेसिंगनं पराक्रम केला, नाही म्हणत नाही. पण ज्याच्यामुळं होडी आपटली त्यानंच ती वाचवली तर त्याची आरती किती ओवाळायची, हे तूच ठरव.

तुला आठवतं, तो मोजणीचा साहेब बदली होऊन गेला आणि त्याच्या हौसेची ती शिडाची होडी, मागच्या मोटारीसकट, कुणी घेईना म्हणून आपल्या गळ्यात पडली? घाटावर सगळे हसले होते. दगूकाकू तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, 'वावर सोडीसन पानीमा काय पेरतस रे तुम्ही?' तुला त्या आई म्हणून बोलल्या, मला फुकटात मिळालं. मग आपण शीड उलटं बांधून प्रकाशा गावाऐवजी पार खालच्या काठाला लागलो, ते टरबुजाच्या वाडीत. वाडीवाल्यानं आधी काठी उगारली आणि मग टरबूज कापून दिलं. तसं टरबूज नंतर कुठं मिळालं नाही. इथं नवापूरला मिळतात ती सगळी पांढरी. डांगातून गाड्या येतात, गाडीवान लोक भारी गाणी म्हणतात, त्यातला एक तोंडानं पावरीचे सूर काढतो, म्हणजे ते वाद्य हातात नसताना. त्याच्यासोबत मी मागं एकदा डांगात पार आहव्यापर्यंत जाऊन आलो. वखारवाला चिडला. पण हे कुठं निघालो मी. मोटारीचं सांगतो.

सुरतेला गेलो होतो. तापीच्या तिकडच्या तोंडाशी, गलबतं लागतात तिथं, चुनीलाल शेठचं दुकान आहे. लहान होड्यांच्या मागं लावायच्या मोटारी तो ठेवतो, काही नव्या, काही वापरलेल्या. आपल्या होडीला चालतील अशा दोन त्यानं काढून दाखवल्या. पहिली वापरलेली, पण दणकट. दोन माणसं लागतात उचलायला. दोरी ओढली की आख्खं दुकान थरथरतं. ती लावलीस तर भाद्रपदातल्या पाण्यालाही तुझी होडी छातीवर घेईल, शीड उघडायचीच गरज नाही. दुसरी नवी आहे, हलकी, खांद्यावर टाकून घाट चढावा अशी. रॉकेल कमी पिते, पण जोर बेताचा. उलट्या पाण्यात तिच्या एकटीच्यानं होणार नाही, वर शीड लागेलच, आणि शिडाचा दोर कधी ओढायचा नि कधी सोडायचा हे कळणारा माणूसही लागेल.

मी आपला जड मोटारीवरून हात फिरवत होतो. चुनीलाल शेठ सुपारी कातरत शांतपणे म्हणाला, 'आगळ कोण बेसे छे?' पुढं कोण बसतं. मी म्हटलं, त्याचा काय संबंध. तर म्हणाला, अरे भाई, बारा हाताची पण नाही तुमची होडी. ही जड मोटर मागं लावलीत आणि पुढं काडीपैलवान बसवलात, तर होडी घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहील. पुढं भरभक्कम माणूस असेल तर ही घ्या. हडकुळा पण शिडाचा जाणकार असेल तर ती घ्या. आधी माणूस सांगा, मग मोटर देतो. आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून हसला. माझ्यासारखा माणूस त्याच्या तागडीत कुठं बसतो ते त्यानं तिथंच ठरवलं.

लोटन, मी जड मोटारीवरचा हात काढून घेतला.

दिवाळीला आलो होतो तेव्हाचं सांगतो, तेव्हा बोललो नव्हतो. घाटावर उतरलो, होडी तिकडून येतच होती. बोरदच्या आखाड्यातला तो उदेसिंग पुढं बसलेला, अर्धी होडी त्यानंच भरलेली. शीड गाठोड्यासारखं गुंडाळून त्याच्या पायाखाली. मी सवयीनं पुढं पाय टाकला, तर तू मागून हसत ओरडलास, 'ये पाव्हना, मझार बठ.' मधे, उतारूंच्यात, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी. आणि उदेसिंग वाईट असता तर बरं झालं असतं. तो उठला, माझी पिशवी घेतली, डोक्याचा रुमाल सोडून फळी पुसून दिली. ती फळी आपण दोघांनी बसवली होती, रंधा तूच मारला होतास. माझी होडी आणि त्यानं मला पुसून दिली. पैलतीर येईपर्यंत तुम्ही दोघं कुठल्याशा कुस्तीवर बोलत होतात. मी कोंबड्यांकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती तरी सकाळच्या गाडीनं निघालो, आणि तू म्हणालास, सुकलालचं असंच, पाय ठरत नाही.

तू म्हणशील, दोन महिन्यांसाठी जातो म्हणून गेलास आणि दीड वर्ष झालं, होडी काय तुझ्यासाठी काठाला बांधून ठेवू? बरोबर आहे. भाडं घेतलं पाहिजे, दगूकाकूंचं औषध चालू आहे, वहिनी आल्या आहेत. खरं बोलायचं तर जड मोटर तुझ्या सोयीची आहे. पावसाळ्यातही धंदा बंद पडणार नाही, आणि उदेसिंग काही वाऱ्याबरोबर जाणारा माणूस नाही, सत्तर वारे आले तरी जागचा हलायचा नाही. हलकी घेतलीस आणि शिडाचा माणूस अर्ध्या वाटेत कुणा गाडीवानाच्या गाण्यामागं निघून गेला, तर तू भर तापीत एकटा. हे सगळं मला कळतं. कळूनही परवा चुनीलाल शेठला मी जवळजवळ हलकी मोटर बांधायला सांगितली होती. ती आली असती तर उदेसिंगला पुढं बसून काम उरलं नसतं, एवढ्याच आनंदात. मग वाटलं, तुझ्या होडीत कुणी बसायचं हे मी सुरतेत बसून ठरवायचं नाही.

म्हणून हे पत्र. शेठनं दोन्ही मोटारी माघी पौर्णिमेपर्यंत राखून ठेवल्यात. तू मला फक्त एक नाव लिही, पुढं बसणाऱ्याचं. कारणं नकोत, आणि दोघांची आळीपाळी तर मुळीच नको. उदेसिंग लिहिलंस तर जड मोटर पेटीत बंद होऊन नंदुरबारच्या टेसनावर येईल, पावती टपालानं. उचलायला दोन माणसं लागतात, पण तुझ्याकडं तो एकटाच पुरेल, मी येणार नाही. आणि माझं नाव लिहिलंस, तर हलकी खांद्यावर घेऊन मीच येतो. मग जाणार नाही. हे वाक्य मी आजपर्यंत कुणालाही म्हटलेलं नाही, त्यामुळं ते अजून एकदाही खोटं पडलेलं नाही.

तुझाच,
सुकलाल